राग असतो, मग जातो कुठे?

९ ऑक्टोबर १९८९ रोजी सकाळी सुरेश दुबे नावाचे बांधकाम व्यावसायिक नालासोपारा स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट पाहत थांबले होते. तिथेच, भर गर्दीत, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. जमिनीच्या वादातून हा खून झाला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. भाई ठाकूर या नावाने सगळी वसई ज्यांना ओळखते त्या जयेंद्र ठाकूर यांच्यावर टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालला. २०२३ मध्ये पुण्याच्या विशेष टाडा न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. खून झाला तेव्हा जन्मलेली मुले निकालाच्या दिवशी चौतिशीत होती.

फलाटावर दिवसाढवळ्या माणूस मारला जातो आणि कोणी धरायला पुढे येत नाही, हे पाहिल्यावर गावाला दोन गोष्टी कळतात. पोलीस आपले रक्षण करू शकत नाहीत, ही पहिली. आणि ज्यांना आपण निवडून देतो त्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही, ही दुसरी. वसईकरांना तेव्हा या दोन्ही कळल्या. त्यांना राग आला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पुढच्या पस्तीस वर्षांत त्या रागाचे काय झाले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

त्या वेळची वसई आजच्या प्रवाशाला ओळखता येणार नाही. स्टेशनपासून पश्चिमेला निघालो की वाड्या सुरू होत. केळी, पानवेली, भाजी आणि फुले यांच्या त्या वाड्यांना पाणी मिळे ते विहिरींतून आणि बावखलांतून. बावखल म्हणजे शेतकऱ्यांनी खणून ठेवलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोड पाणी टिकवायचे तर ही व्यवस्था लागतेच. सामवेदी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी अशा समाजांनी, त्यात हिंदूही आले आणि ख्रिस्तीही, ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पहाटेच्या गाडीने वसईची फुले आणि भाजी दादरला जायची.

१९८८ मध्ये राज्य सरकारने या हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली करण्याचा निर्णय घेतला. मुंबईत घरे परवडेनाशी झाली होती आणि लोकलने तासाभरात गाठता येईल अशी मोकळी जागा वसई-विरारलाच शिल्लक होती. जमिनीचे भाव चढले. त्यांच्यामागोमाग दलाल आले, दलालांमागून बंदुका आल्या. शेतकऱ्याला ‘विकतोस की नाही’ असे विचारण्याच्या पद्धती बदलल्या. नव्या इमारतींना पाणी नव्हते, म्हणून वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. गोड पाणी उपसले की खारे पाणी आत शिरते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच्या केळी त्याला सांगतात.

याविरुद्ध उभी राहिली ती हरित वसई संरक्षण समिती. तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. हे तेच दिब्रिटो, जे पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. धर्मगुरूने जमिनीच्या आणि गुंडगिरीच्या प्रश्नात पडावे का, यावर तेव्हा बरीच कुजबुज झाली. त्यांनी मात्र दोन्ही प्रश्न एकच मानले आणि हजारोंचे मोर्चे काढले. माझ्या मते त्या आंदोलनाचे खरे यश इथे आहे. पर्यावरण हा शिकल्यासवरलेल्यांचा छंद आणि सुरक्षितता हा पोलिसांचा विषय, अशी वाटणी वसईने तेव्हा मान्य केली नाही.

आता यातला कोड्यात टाकणारा भाग. दुबे यांच्या खुनानंतर साडेचार महिन्यांत, फेब्रुवारी १९९० मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. वसईतून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले ते हितेंद्र ठाकूर, म्हणजे जयेंद्र ठाकूर यांचे बंधू. १९९५, १९९९ आणि २००४ मध्येही तेच. २०१४ आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच. एकंदर सहा वेळा. मधल्या काळात काँग्रेस सुटली, वसई विकास आघाडी झाली, तिची बहुजन विकास आघाडी झाली, ‘शिट्टी’ हे चिन्ह घरोघर गेले. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत ११५ पैकी १०६ जागा या आघाडीने जिंकल्या. विरोधी पक्ष नावाची गोष्ट सभागृहात जवळजवळ उरली नाही.

लोक दहशतीने मत देत होते, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही. पस्तीस वर्षे, लाखो मतदार आणि गुप्त मतदान असताना निव्वळ भीती इतकी पुरत नाही.

दुसरे उत्तर शोधायला आपल्याला थोडे लांब, नायजेरियात जावे लागेल.

जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थिरावलेले अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन १९६० च्या दशकात नायजेरियाच्या रेल्वेचा अभ्यास करत होते. देशाच्या उत्तरेत भुईमूग पिकायचा आणि तो दक्षिणेतल्या बंदरांवर न्यायचा असे. अंतर हजार किलोमीटरच्या वर. इतक्या लांबच्या जड मालाला रेल्वेच परवडायला हवी, पण माल ट्रकने जात होता, कारण रेल्वेचा कारभार भिकार होता. पुस्तकी अर्थशास्त्र म्हणते की स्पर्धा आली की सुधारणा होते. इथे ट्रकची स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारत नव्हती. हर्शमन यांना उमगले ते असे: ज्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला वठणीवर आणले असते, तेच सगळ्यांत आधी ट्रककडे निघून गेले. मागे राहिले ते गप्प बसणारे. तोटा सरकार भरत होते, तेव्हा गिऱ्हाईक गेल्याचे रेल्वेला दुःखही नव्हते. यातून त्यांचे १९७० मधले ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटे पुस्तक झाले. कारभार बिघडला की माणसापुढे दोनच वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा असेल तर तो जायला वेळ लावतो. आणि जाण्याची वाट जितकी सोपी, तितका आवाज दुबळा.

नायजेरिया आज लोकशाही आहे, निवडणुका होतात, पण २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेमतेम २७ टक्के नोंदणीकृत मतदारांनी मत दिले. ज्या देशात २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षे परतल्या नाहीत, तिथे मतदारांचा नेत्यांवर विश्वास का उरला नाही हे विचारायला नको. दरोडेखोरांना धरायला १९९२ मध्ये काढलेले ‘सार्स’ हे पोलीस पथकच पुढे लोकांना लुटते आणि मारते, म्हणून २०२० मध्ये तरुण रस्त्यावर उतरले. पथक बरखास्त झाले, पण त्याच महिन्यात लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर निदर्शकांवर सैनिकांनी गोळ्या चालवल्या. एरवी मात्र लागोसचा मध्यमवर्गीय माणूस रस्त्यावर येत नाही. तो जनरेटर घेतो, बोअर मारतो, फाटकावर पहारेकरी ठेवतो, मुलांना खासगी शाळेत घालतो आणि जमले तर कॅनडाचा व्हिसा काढतो. आमचे प्रत्येक घर हीच एक नगरपालिका, असा विनोद ते लोक स्वतःवरच करतात.

हे वाचताना वसई रोड, नालासोपारा किंवा विरारच्या पूर्वेला राहणाऱ्याला हसू येणार नाही. त्याच्याही सोसायटीत बोअर आहे. नळाला पाणी एक दिवसाआड आले तर टँकर आहे आणि टँकरवाल्याचा नंबर सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये सगळ्यांत वर आहे. पाण्याला फिल्टर, विजेला इन्व्हर्टर, फाटकाला वॉचमन, जिन्याला सीसीटीव्ही. हे सगळे महिन्याच्या मेंटेनन्समध्ये भरायचे आणि घरपट्टी वेगळी. आठवड्याची सुट्टी सोडली तर माणूस पहाटे विरार लोकलमध्ये शिरतो आणि रात्री परततो. नगरसेवकाला जाब विचारायला त्याच्याकडे वेळ नाही आणि टँकर बोलावता येत असेल तर तशी गरजही नाही. तो राहतो वसईत, पण आपल्यापुरता तो वसईतून कधीच निघून गेलेला असतो. सूर्या धरणाचे पाणी आणण्याच्या योजनांच्या घोषणा, भूमिपूजने आणि मुदतवाढी इतक्या वर्षांत झाल्या, त्यामागे सरकारची दिरंगाई तर आहेच. पण ज्यांनी रोज ओरडायला हवे होते त्यांनी टँकरचे पैसे भरले, हेही आहे.

मग निष्ठा? तिचाही हिशेब लावला पाहिजे. नव्या वस्तीतल्या माणसाला रेशनकार्ड हवे, शाळेत प्रवेश हवा, रात्री अडीच वाजता रुग्णवाहिका हवी, पोलीस ठाण्यात शब्द टाकणारे कोणी हवे. सरकारी कचेरी त्याला हे देत नाही, पण ‘आप्पां’चा, म्हणजे हितेंद्र ठाकूर यांचा, कार्यकर्ता देतो. आघाडीने महाविद्यालये काढली, कला-क्रीडा महोत्सव भरवले, महापौर मॅरेथॉन सुरू केली. मुंबईत सत्ता कोणाचीही असो, आघाडी बहुधा त्या बाजूला असे, त्यामुळे कामेही होत. दूरच्या मंत्रालयातल्या पक्षापेक्षा हाकेला धावणारा स्थानिक माणूस बरा, हे मतदाराचे गणित मूर्खपणाचे नव्हते. हक्काने मिळायच्या गोष्टी ओळखीने मिळू लागल्या की ओळख जपावी लागते, आणि ओळख जपणारा माणूस मोठ्या आवाजात बोलत नाही, ही त्या गणिताची किंमत.

हरित पट्ट्यातला शेतकरी या सगळ्याला अपवाद ठरला, कारण त्याला जाताच येत नव्हते. फ्लॅट विकून मीरा रोडला जाता येते, पण वाडी, विहीर आणि बावखल उचलून कुठे नेणार? वसईत आवाज उठला तो बहुतेक वेळा पश्चिमेच्या गावांतून, हा योगायोग नव्हे.

३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगर परिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तेच पुन्हा दिसले. गावांनी सांगितले, आम्हाला यात यायचे नाही. कर वाढतील आणि बिल्डर घुसतील, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभेत कोणीही शेतकरी उभा राहून सरपंचाला तोंडावर विचारू शकतो की हा रस्ता कोणाच्या घरापर्यंत नेलास. महापालिकेत सामान्य माणसाला अशी जागाच नाही. आपल्याकडचे एकमेव चालते व्यासपीठ काढून घेतले जात आहे, हे गावांनी बरोबर ओळखले होते.

त्या रागाला त्या वर्षी वाट मिळाली. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत विवेक पंडित अपक्ष म्हणून उभे राहिले आणि जिंकले. वसई तालुक्यातल्या वेठबिगार आदिवासींना मालकांच्या तावडीतून सोडवण्यापासून त्यांचे काम सुरू झाले होते. विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना या त्यांच्या संस्था, आणि १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कारही त्याच कामाचा. मे २०११ मध्ये सरकारने ३५ गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. महापालिका न्यायालयात गेली, स्थगिती आली आणि प्रकरण तसेच पडून राहिले. तेवढ्यात पंडितांची मुदत संपली, २०१४ मध्ये पुन्हा हितेंद्र ठाकूर आले, आणि २०२४ च्या आरंभी सरकारने ती जुनी अधिसूचनाच मागे घेतली. तेरा वर्षे गावे ना धड आत, ना धड बाहेर. लोकांनी आवाज उठवला, निवडणूक जिंकली, सरकारकडून कागद मिळवला, तरी शेवटी काही बदलले नाही, असे ज्यांनी पाहिले त्यांना पुढच्या मोर्चाला बोलावणे किती अवघड असते याचा अनुभव कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावा.

हर्शमन यांच्या मांडणीत एक गट नीट बसत नाही. ज्यांना जाताही येत नाही आणि बोलताही येत नाही, असे लोक. वसई-विरारच्या पूर्व पट्ट्यात ते लाखोंनी आहेत.

स्वस्त घर म्हणून ज्यांनी साठेखतावर किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर खोली घेतली, त्यांच्यातल्या अनेकांना इमारत अनधिकृत आहे हे नोटीस आल्यावरच कळते. २०२३ मध्ये विरारमध्ये पोलिसांनी बनावट बांधकाम परवानग्या तयार करणारी टोळी उघडकीस आणली. त्या कागदांवर ५५ इमारती उभ्या होत्या. खोट्या शिक्क्यांवर बँकांची कर्जेही निघाली होती. नालासोपारा पूर्वेला आचोळे भागात अग्रवाल नगरीजवळ सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत शेवटची इमारतही जमीनदोस्त झाली. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी घराचे पैसे दिले होते, विजेची बिले भरली होती, मतदार यादीत त्यांची नावे होती. इमारती एका रात्रीत उगवल्या नव्हत्या. प्रत्येक स्लॅब पडताना कोणीतरी बघत होते.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. सक्तवसुली संचालनालयाने याच प्रकरणी महापालिकेच्या नगररचना विभागाच्या उपसंचालकांवर छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि दागिने सापडले. ऑगस्ट २०२५ मध्ये माजी आयुक्तांना अटक झाली. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. खटल्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण त्याच ऑगस्टच्या शेवटी, २६ तारखेच्या मध्यरात्री, विरार पूर्वेच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळली. ती २०१२ च्या सुमारास बांधलेली होती, म्हणजे जुनी-जीर्ण म्हणण्यासारखीही नव्हती. त्या रात्री तिथे एका लहान मुलीचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. १७ माणसे मेली. ही असुरक्षितता बंदुकीची नाही, म्हणून तिला आपण गुन्हेगारी म्हणत नाही. मला हा फरक पटत नाही.

पोलिसांच्या बाजूने काही बदलले, हे मान्य करायला हवे. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. सदानंद दाते पहिले आयुक्त. जिल्हा पोलिसांच्या भरवशावर चाललेल्या बारा-पंधरा लाखांच्या शहरासाठी ते फार आधी व्हायला हवे होते. पण आयुक्तालय झाले म्हणजे ठाणेदाराच्या टेबलावरचा अर्ज वाचला जातो असे नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वसईतल्या एका तरुणीने तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती की सोबतचा माणूस मला मारून तुकडे करण्याची धमकी देतो. नंतर तिने तक्रार पुढे नेली नाही आणि पोलिसांनीही ती मिटवली. दोन वर्षांनी, दिल्लीत तिचा खून झाल्याचे साऱ्या देशाने वाचले. जून २०२४ मध्ये वसई पूर्वेच्या चिंचपाड्यात भररस्त्यात एका मुलीला तिच्या आधीच्या मित्राने लोखंडी पान्याने मारून टाकले. लोक पाहत होते, काही मोबाइलवर चित्रण करत होते. तिनेही आधी पोलिसांकडे तक्रार केली होती. बघ्यांना भेकड म्हणणे सोपे आहे. पण ज्याला मधे पडल्यावर आपल्यामागे कोणी उभे राहील याची खात्री नाही, त्याच्या पायांना कोण बळ देणार?

अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तापालट झाला. मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ तारखेला, विरारच्या एका हॉटेलात भाजपचे सरचिटणीस विनोद तावडे यांना आघाडीच्या कार्यकर्त्यांनी पैसे वाटल्याचा आरोप करत तासन्‌तास घेरले. तावडेंनी आरोप फेटाळला. अधिकाऱ्यांनी हॉटेलातून नऊ लाखांहून अधिक रोकड जप्त केली. शिट्टीवाल्यांनीच दुसऱ्यावर शिट्टी वाजवावी, याची वसईकरांना मोठी गंमत वाटली. २३ तारखेला निकाल लागला. वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांना तीन हजारांच्या थोड्या वर मतांनी हरवले. त्या विवेक पंडितांच्या कन्या आणि सुरेश दुबे यांच्या कुटुंबाच्या सून. शेजारच्या नालासोपाऱ्यातही आघाडीचा पराभव झाला. तिरंगी लढतीतल्या तीन हजारांच्या फरकाला जनतेचा उठाव म्हणायला मी तयार नाही. रागाचा एक भाग होता, मतविभागणीचा एक भाग होता आणि राज्यभर वाहणाऱ्या वाऱ्याचाही एक भाग होता.

शिवाय आमदार बदलला तरी पाणी, गटार, अनधिकृत इमारत आणि बांधकाम परवानगी हे विषय महापालिकेचे. जुलै २०१८ च्या पुरात वसई चार दिवस अंधारात होती. रुळांवर पाणी होते, मिठागरांत माणसे अडकली होती. तेव्हा महापालिकेच्या सभागृहात निदान प्रश्न विचारता येत होता आणि नीरी व आयआयटीच्या तज्ज्ञांची समिती नेमावी लागली होती. त्या महापालिकेची मुदत २८ जून २०२० रोजी संपली. पुढची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. साडेपाच वर्षे या शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाने केला. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे किमान १३ रुग्ण गेले, बनावट परवानग्यांच्या ५५ इमारती उघड झाल्या, ४१ इमारती पाडल्या गेल्या, रमाबाई अपार्टमेंट कोसळली. या सगळ्या काळात वसई-विरारमध्ये एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता.